डोंगर शिकवतो की डोंगरावरचा माणूस? विल्डरनेस थेरपीच्या शिक्षकांची पूर्वपीठिका

विल्डरनेस थेरपी म्हणजे निसर्गोपचार नव्हे. मातीचे लेप आणि फलाहार यांच्याशी तिचा काही संबंध नाही. मनाने अडचणीत सापडलेल्या माणसांना, बहुतेकदा किशोरवयीन मुलांना, काही आठवडे रानात राहायला न्यायचं. चालणं, चूल पेटवणं, पावसात ताडपत्री बांधणं हे सगळं त्यांनीच करायचं, आणि त्याच्या आधाराने समुपदेशन व्हायचं. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, म्हणून मूळ नावच ठेवतो.

अमेरिकेत हा विषय आता पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. तो शिकवणारी माणसं मात्र एका साच्यातली नाहीत. कुणी आधी नदीवर राफ्टिंगचा गाईड असतो, कुणी बालसुधारगृहात काम केलेली समाजकार्यकर्ती, कुणी परवानाधारक मानसशास्त्रज्ञ, कुणी ध्यानशिक्षक. बाकीच्या मानसोपचारात शिक्षकांची अशी सरमिसळ सहसा दिसत नाही. ही पद्धत मानसोपचाराच्या घरात जन्मलीच नाही, त्यात तिचं मूळ आहे.

सुरुवात एका योगायोगापासून सांगायची प्रथा आहे. १९०१ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्टेट हॉस्पिटल ईस्ट या मनोरुग्णालयात क्षयाची लागण पसरू नये म्हणून क्षयरोगी रुग्णांना इमारतीबाहेर, हिरवळीवर उभारलेल्या तंबूंत हलवलं. हेतू मनाचा नव्हताच, संसर्ग टाळण्याचा होता. पण रुग्णांच्या शरीराबरोबर वागण्यातही सुधारणा दिसू लागली आणि डॉक्टरांनी ती टिपून ठेवली. हे डॉक्टर पुढे या क्षेत्राचे शिक्षक झाले नाहीत. तंबूंची लाट काही वर्षांत ओसरली आणि विषय जवळपास विसरला गेला.

खरा पाया घातला तो एका शाळामास्तरने. बर्लिनमध्ये १८८६ साली जन्मलेला कुर्ट हान हा ज्यू कुटुंबातला. १९२० मध्ये त्याने जर्मनीत झालेम इथे शाळा काढली, हिटलरविरुद्ध उघड भूमिका घेतली, १९३३ मध्ये त्याला अटक झाली आणि सुटल्यावर तो ब्रिटनला गेला. तिथे स्कॉटलंडमध्ये त्याने गॉर्डनस्टन शाळा सुरू केली. मग युद्ध आलं. ब्लू फनेल या जहाजकंपनीचे लॉरेन्स होल्ट यांना एक गोष्ट छळत होती. पाणतीराने जहाज बुडालं की होडीत जीव सोडत ते तरुण खलाशी, तर शिडाच्या जहाजांवर उमेदवारी केलेले जुने तग धरत. दोघांनी मिळून १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे असं तग धरायला शिकवणारा महिनाभराचा अभ्यासक्रम सुरू केला. तीच आउटवर्ड बाउंड ही संस्था. हानला रोगी बरे करायचे नव्हते, मुलं घडवायची होती. हा फरक पुढे सगळेच थोडेबहुत विसरले.

अटलांटिकपलीकडे आणखी एक धागा सुरू झाला होता. डॅलसमधल्या सेल्समनशिप क्लब या व्यापारी मंडळींच्या संस्थेने १९४६ मध्ये टेक्ससच्या रानात त्रासात असलेल्या मुलग्यांसाठी शिबिर काढलं. कॅम्पबेल लॉफमिलर यांनी ते चालवलं. मुलं उन्हाळी सुट्टीपुरती येत नसत, वर्षभर तिथेच राहत आणि राहायचे आडोसे स्वतः बांधत. लॉफमिलरांचा एक नियम आजही शिकवला जातो. गटात भांडण झालं की हातातलं काम जिथल्या तिथे थांबायचं, सगळ्यांनी बसायचं आणि प्रश्न सुटेपर्यंत उठायचं नाही, मग जेवण थंड का होईना. आजच्या वर्गात ‘ग्रुप प्रोसेस’ म्हणून जे शिकवतात त्यातलं बरंचसं या शिबिरातून आलं आहे. मला विचाराल तर या इतिहासात हानपेक्षा लॉफमिलर थेरपीच्या जास्त जवळ होते, पण नाव झालं ते हानचंच.

आउटवर्ड बाउंडची अमेरिकेतली पहिली शाळा १९६२ साली कोलोरॅडोत निघाली. तिथे शिकवायला आला पॉल पेट्झोल्ट. हा माणूस सोळाव्या वर्षी, १९२४ मध्ये, काउबॉय बूट घालून ग्रँड टीटन शिखरावर चढला होता आणि १९३८ मध्ये के-२ शिखराच्या मोहिमेत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: मुलांना रानात न्यायला हौशी लोक पुष्कळ आहेत, धड नेऊ शकणारे कमी. म्हणून १९६५ मध्ये त्याने वायोमिंगमधल्या लँडर गावी नोल्स ही शाळा काढली, प्रामुख्याने रानातल्या गटांचे नेते घडवण्यासाठी. अमेरिकेत रानात शिकवणं हा व्यवसाय म्हणून उभा राहिला त्यात या शाळेचा मोठा वाटा आहे. थेरपीच्या कित्येक शिक्षकांनी दोरखंड, नकाशा आणि प्रथमोपचार अशाच शाळांत आत्मसात केले, मानसशास्त्र नंतर.

तिसरा प्रवाह वाळवंटातला. युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात लॅरी डीन ओल्सेन हा आदिम जगण्याची कौशल्यं शिकवत असे. १९६८ मध्ये नापास झालेल्या विद्यार्थ्यांसाठी एक वाट निघाली: ओल्सेनबरोबर जवळपास महिनाभर वाळवंटात चाला, पुरे करून या, मग पुन्हा प्रवेशाचं बघू. परतलेली मुलं अभ्यासातही सावरलेली दिसू लागली. ओल्सेन आणि त्यांचे सहकारी इझेकिएल सांचेझ यांनी पुढे १९८८ मध्ये अ‍ॅरिझोनात अनासाझी फाउंडेशन काढलं.

या परंपरेतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे अरणी. खाचा केलेली लाकडी फळी, तिच्यावर उभी काडी, काडीला वेढा घातलेलं धनुष्य आणि वरून दाबायला दगड किंवा लाकडाचा तुकडा. धनुष्य पुढेमागे ओढत राहिलं की खाचेत काळी पूड साचते, धूर येतो, आणि नशीब चांगलं असेल तर पुडीत वाटाण्याएवढा निखारा धरतो. तो सुक्या सालीच्या घरट्यात ठेवून फुंकायचा. पहिल्या दिवशी तो बहुधा धरत नाही. तळहाताला फोड येतात, काडी उडून जाते, मुलगा धनुष्य भिरकावतो. अशा वेळी शेजारी बसलेल्याने काय करायचं? काडी हातात घेऊन दाखवायची, गप्प बसायचं, की ‘घरी असाच राग कुणावर काढतोस?’ असं विचारायचं? ओल्सेनच्या परंपरेतला माणूस गप्प बसला असता. मानसशास्त्रज्ञाने विचारलं असतं. कधी विचारायचं हे शिकवणं हाच आज या विषयातल्या प्राध्यापकाच्या कामाचा गाभा आहे.

आउटवर्ड बाउंडमध्ये यावरून खराखुरा वाद झडला. डोंगरच बोलतात, आपण मध्ये तोंड घालू नये, असं जुन्या शिक्षकांचं म्हणणं. १९८० मध्ये थॉमस जेम्स यांनी डोंगर स्वतःच बोलू शकतात का, हाच प्रश्न लेखाचं शीर्षक करून विचारला. तीन वर्षांनी स्टीफन बेकन या मानसशास्त्रज्ञाने चढाईतले प्रसंग रूपक म्हणून जाणीवपूर्वक कसे वापरायचे यावर पुस्तक लिहिलं. तोवर तुरुंगप्रशासनही यात आलं होतं. साठच्या दशकाअखेरीस मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रान्सिस केली आणि डॅनियल बेअर या संशोधकांनी गुन्ह्यात अडकलेल्या ६० मुलग्यांना आउटवर्ड बाउंडला पाठवलं, तशाच ६० जणांना नेहमीच्या व्यवस्थेत ठेवलं. रानात गेलेल्यांपैकी पुन्हा गुन्ह्याकडे वळणारे कमी निघाले. अशा आकड्यांमुळे पैसा आला आणि पैशाबरोबर उपचार करण्याच्या परवान्याचा प्रश्नही.

एक बारीक प्रवाह या सगळ्यांपासून अलग राहिला. स्टीव्हन फॉस्टर साहित्याचे प्राध्यापक होते, मेरेडिथ लिटल आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनवर स्वयंसेविका. या जोडप्याने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लोकांना चार दिवस-रात्री एकटं, उपाशी बसायला पाठवलं आणि परतल्यावर त्यांची गोष्ट ऐकली. उपचार हा शब्द ते टाळत, त्यांचा शब्द ‘संस्कार’ या अर्थाचा होता. त्यांच्या ‘स्कूल ऑफ लॉस्ट बॉर्डर्स’ने तयार केलेले मार्गदर्शक आज बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मूळनिवासी समाजांचे विधी गोऱ्या लोकांनी उचलले, ही टीकाही या परंपरेच्या वाट्याला आली आणि ती अनाठायी नाही.

आता अप्रिय भाग. ऐंशीच्या दशकात ओल्सेनच्या पद्धतीचं बाहेरचं कवच उचलून खासगी धंदा सुरू झाला. लष्करी शिस्त, अर्धपोटी चाल, ‘मुलगा ढोंग करतोय’ हे ठरलेलं उत्तर. १९९० मध्ये युटात सोळा वर्षांची मुलगी उन्हात चालताना मेली. १९९४ मध्ये सोळाच वर्षांचा मुलगा, पोट दुखतंय असं सांगत असताना, पोटातला व्रण (अल्सर) फुटून गेला. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा निवासी कार्यक्रमांमधल्या मृत्यूंची दहा प्रकरणं तपासून अहवाल दिला. त्यात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या कारणांतलं एक होतं: अप्रशिक्षित कर्मचारी.

अडचण कुठे आहे ते पाहा. दिवसरात्र मुलांबरोबर राहतो तो फील्ड गाईड. तो बहुधा विशीतला, पगार बेताचा, आठ दिवस रानात नि सहा दिवस घरी अशी पाळी. परवानाधारक थेरपिस्ट आठवड्यातून एक-दोन दिवस येतो, बोलतो, निघून जातो. मुलाचा रात्री अडीचचा हुंदका ऐकतो गाईड, निदान लिहितो थेरपिस्ट.

विद्यापीठं आली ती ही दरी सांधायला. ओहायोतल्या जेनिफर डेव्हिस-बर्मन समाजकार्याच्या प्राध्यापक, पती डीन बर्मन चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. दोघांचं १९९४ चं पुस्तक या विषयाचं पहिलं ठळक पाठ्यपुस्तक ठरलं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात मायकेल गॅस यांच्या पुढाकाराने समाजकार्य आणि मैदानी शिक्षण यांची जोड घातली गेली. कोलोरॅडोत बोल्डरमधल्या नरोपा विद्यापीठाची गोष्ट वेगळी. तिबेटी बौद्ध गुरू चोग्यम त्रुंग्पा यांनी १९७४ मध्ये स्थापलेल्या या संस्थेत विल्डरनेस थेरपी समुपदेशनाच्या पदवीत शिकवली गेली, तीही ध्यान आणि गेस्टाल्ट या मानसोपचारपद्धतीच्या सोबतीने. तिथला विद्यार्थी रेस्क्यूची गाठ मारायला शिकतो आणि स्वतःच्या भीतीबरोबर बसायलाही.

नॉर्वेत वेगळंच घडलं. सोरलांडेट रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या लोकांनीच हा उपचार सार्वजनिक आरोग्यसेवेत उभा केला. तिथे क्लिनिकमधला माणूस रानात आला, अमेरिकेत रानातला माणूस क्लिनिककडे गेला.

२०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कार्यक्रमात बारा वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री दगावला. कार्यक्रमाचा परवाना गेला. त्याच डिसेंबरात संस्थांमधल्या मुलांच्या छळाविरुद्धचा केंद्रीय कायदा झाला. आधीच डळमळलेल्या अनेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. ज्या नोकऱ्यांसाठी विद्यार्थी तयार होत त्यातल्या पुष्कळशा आता उरलेल्या नाहीत. त्यांना शिकवणाऱ्यांपैकी अनेकांनी नव्वदच्या दशकात स्वतः पाठीवर सॅक मारून मुलांचे गट चालवले होते. आता तेच विद्यार्थ्यांना दवाखान्याच्या वेळेत, तासाभराच्या भेटीसाठी जवळच्या टेकडीवर कसं जायचं ते शिकवतायत.