ऑइल गळतंय, पण कशामुळे?

कणकवलीहून फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाऊन आलं, की आमच्या जुन्या गाडीखाली सारवलेल्या अंगणात वाटीएवढा काळा डाग पडायचा. रोजच्या बाजारहाटात मात्र थेंबही नाही. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग दोनदा बदलून झालं, तरी घाट चढला की पुन्हा तेच. 'आता इंजिन खोलावं लागेल' असं गॅरेजमध्ये ऐकलं, तेव्हा कारण स्वतःच शोधायला बसलो.

पॅकिंग ऑइल अडवतं, पण मागून दाब आला तर त्याचा टिकाव लागत नाही. हा दाब येतो कुठून? पेट्रोल पेटतं तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीस-चाळीस पट दाब असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) असा भडका सेकंदाला १०० वेळा उडतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा नव्या असल्या तरी दर वेळी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, निसटतोच. आपले मेकॅनिक याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. चढावर इंजिनावर ताण आला की ते वाढतं.

हा वायू बाहेर काढायला बहुतेक गाड्यांत अंगठ्याएवढा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. आत एक दट्ट्या आणि एक स्प्रिंग, बस्स. गाडी उभी, पण इंजिन चालू असताना मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या आणि हा वायूही ओढून घेणाऱ्या नळीतला, दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश असतो. ती ओढ दट्ट्याला खेचून वाट अरुंद करते, कारण तेव्हा वायूही थोडाच असतो. घाटात पाय दाबला की ओढ कमी होते, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते आणि वाट रुंद होते. ना वायर, ना सेन्सर, तरी गरजेपुरतंच उघडतं! मला हा इंजिनातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

हा व्हॉल्व्ह तुंबला की वायू आतच कोंडतो आणि ऑइलला पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. आणि तो तुंबतो पाण्याने. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बरंचसं सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं वायूबरोबर खाली उतरतं. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असल्या की इंजिन पुरतं तापत नाही, वाफ आतच थिजते आणि ऑइलमध्ये घुसळून लोण्यासारखा पिवळट चिकटा होतो. ऑइलचं झाकण उघडा, पावसाळ्यात तो हमखास दिसेल.

इंजिन चालू ठेवून त्या उघड्या तोंडावर कागद ठेवला. तो चिकटायला हवा होता, पण फडफडून उडाला. व्हॉल्व्ह काढून हलवला, खुळखुळलाच नाही. नवा बसवला. मग इंजिन गार झाल्यावर धुऊन, कोरडं करून टाल्कम पावडर शिंपडली आणि गाडी फिरवून आणली. डाग नेहमी सर्वांत वरचा बघायचा, कारण ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर काळी झाली होती. पॅकिंग वाळलेल्या आमसुलासारखं कडक झालं होतं, तेही बदललं.

'गळती बंद' म्हणून विकतात त्या बाटल्या घेऊ नका. त्या रबर फुगवतात, दाबाचं काही करत नाहीत. पुढे टांगलेल्या लिंबू-मिरचीनेही तो कमी होत नाही.

परवा पुन्हा घाट चढून आलो. सारवण कोरडं आहे.