वालुकाश्मातील तिरपे थर आणि नदीची जुनी वाट

जुहूच्या किनाऱ्यावर पाणी ओहोटीने मागे सरले की ओल्या वाळूवर बोटाच्या पेराएवढ्या उंचीच्या वळ्या उघड्या पडतात. वाकून पाहिले तर काही वळ्यांचे दोन्ही उतार सारखे दिसतात, तर काहींची एक बाजू मंद चढाची आणि दुसरी एकदम उतरती असते. हा फरक फार मोलाचा आहे. लाटांच्या पुढे-मागे होणाऱ्या हालचालीतून सारख्या उतारांच्या वळ्या तयार होतात; परंतु पाणी एकाच दिशेने वाहत असेल, तर ते वाळूचे कण मंद चढावरून माथ्यापर्यंत ढकलत नेते आणि तेथून ते पलीकडे घसरतात. त्यामुळे प्रवाह जिकडे जातो, तिकडची बाजू तीव्र उताराची होते. अशी वाळू गाळाखाली गाडली जाऊन तिचा खडक झाला की या वळ्या तरंगचिन्हांच्या रूपाने टिकून राहतात. मध्य भारतातील विंध्य वालुकाश्मांत शंभर कोटी वर्षांहून जुनी तरंगचिन्हे आजही स्पष्ट दिसतात.

मुंबईच्या पायाखालचा खडक मात्र बहुतांशी बेसाल्ट आहे आणि लाव्हारसातून घडलेल्या या खडकात वाळूच्या वळ्या शोधून उपयोग नाही. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेले गाळाचे थर वरळीला सापडले, त्यांत लहान बेडकांचे जीवाश्म मिळाले. पण ते मुख्यतः संथ पाण्यात बसलेल्या बारीक चिखलाचे थर आहेत. प्रवाहाची दिशा वाचायची, तर वाहत्या पाण्याने आणलेली वाळूच हवी.

त्या वाळूतील सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तिर्यक् स्तरण, म्हणजेच तिरपे थर. नदीच्या तळाशी वाळूचे मोठे उंचवटे प्रवाहाबरोबर पुढे सरकत असतात. त्यांच्या तीव्र उतारावर कणांचा एकेक पातळ पापुद्रा घसरून बसतो आणि त्यावर पुढचा पापुद्रा येतो. पुढे मागून येणारा उंचवटा आधीच्याचा माथा खरवडून काढतो, तरी तळाकडचे तिरपे पापुद्रे शिल्लक राहतात. कोरडी सुटी वाळू साधारण 30 ते 34 अंशांपेक्षा अधिक उतारावर टिकत नाही, म्हणून हे पापुद्रेही सहसा त्याहून अधिक कललेले नसतात. ते ज्या दिशेला उतरतात, ती प्रवाहाची दिशा.

वाचन एवढ्यावर संपत नाही. कड्याच्या एकाच सपाट अंगावर दिसणारा उतार फसवा असू शकतो, कारण तो खऱ्या उताराचा छेद असतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या दिशांना उघडे असलेले पृष्ठभाग पाहावे लागतात. भूकवचाच्या हालचालींनी सगळा खडकच कललेला असेल, तर तो कल गणिताने वजा केल्यावरच मूळ दिशा हाती येते. शिवाय नदी वळणे घेत वाहते, म्हणून एका मोजणीवर विसंबता येत नाही. अनेक ठिकाणची मापे घेऊन सरासरी काढावी लागते. ती सरासरीही साध्या बेरजेची नसते. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंशांत मोजतात; उत्तरेच्या एका बाजूला 10 अंश आणि दुसऱ्या बाजूला 350 अंश अशी दोन मापे आली, तर साधी सरासरी 180 अंश, म्हणजे नेमकी दक्षिण येते! म्हणून प्रत्येक मापाला बाण समजून बाणांची बेरीज करतात.

इतर खुणांचा कौलही घ्यावा लागतो. नदीतील चपटे गोटे एकमेकांवर रेलून बसतात, तेव्हा ते प्रवाह जिकडून येतो तिकडे कललेले असतात, म्हणजे तिरप्या थरांच्या अगदी उलट. चिखलावरून वेगाने गेलेल्या पाण्याने कोरलेल्या खळग्यांत वाळू भरली, तर त्या ठशाचे जाड, बोथट टोक वरच्या प्रवाहाकडे राहते. भरती-ओहोटीच्या खाड्यांत मात्र लागोपाठचे थर परस्परविरुद्ध दिशांना उतरलेले सापडू शकतात आणि हा विरोधच तेथे भरती-ओहोटी होती याचा मोठा पुरावा ठरतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी अशा खुणांकडे मोजण्याजोग्या नोंदी म्हणून पाहिले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

या मोजमापाचे फळ आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला दिसते. गडचिरोलीतील सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पुढे गोदावरी आग्नेयेला बंगालच्या उपसागराकडे जाते. या खोऱ्यातील गोंडवन काळातील वालुकाश्मांचे तिरपे थर मात्र प्रामुख्याने उत्तर-वायव्येकडे उतरतात; म्हणजे सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी येथील नद्या आजच्या गोदावरीच्या जवळजवळ उलट दिशेने वाहत होत्या. तेव्हा बंगालचा उपसागर नव्हता. भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला जोडलेला होता आणि उंच भूमी त्या बाजूला होती. ते भूखंड दूर गेले, मध्ये समुद्र आला, जमिनीचा उतार पालटला आणि नवी नदी जुन्या नद्यांच्या वाळूवरूनच उलटी वाहू लागली.