थरथरणं वेगळं, ओढणं वेगळं: रानातून आल्यावर बॅलन्सिंग की अलाइनमेंट?

टायरच्या दुकानाच्या पाटीवर हे दोन शब्द कायम जोडीनं असतात, त्यामुळे बोलण्यातही जोडीनंच येतात आणि बिलही बहुधा दोन्हीचं मिळून होतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं त्यात फारसं बिघडत नाही. पण सोलापूरकडं फोर बाय फोर (चारही चाकांना जोर जाणारी गाडी) घेऊन उजनीच्या काठच्या गाळात किंवा सीनेकडच्या पाणंदीत उतरणाऱ्याला दोन्हीतला फरक ठाऊक असलेला बरा. रानातून आल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं की "अलाइनमेंट गेली" असं म्हणून लोक थेट टायरवाल्याकडे जातात. त्या थरथरण्याचा अलाइनमेंटशी फारसा संबंध नसतो, आणि पुष्कळदा खर्चही फक्त पाण्याचा असतो.

बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन मध्याभोवती सगळीकडे सारखं असणं. टायर रीमसकट मशीनवर फिरवतात, हलकी बाजू मशीन दाखवतं, तिथं वेट, म्हणजे वजनाचा छोटा तुकडा, लावतात. अलाइनमेंटला चाकाच्या वजनाशी देणंघेणं नाही. चाक कुठं तोंड करून उभं आहे, एवढाच तिचा प्रश्न. वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं समांतर आहेत की आत-बाहेर वळलेली, तो टो. समोरून पाहिलं तर चाक सरळ उभं आहे की कललेलं, तो कॅम्बर. तिसरा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरतं त्याचा मागेपुढे असलेला कल; वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन सरळ येतं ते मुख्यतः त्याच्यामुळे.

आता आपल्या मातीकडे येऊ, कारण सोलापुरात खरी गोम तिथंच आहे. माळावरच्या मुरमातून फिरून आलात तर चाकात फार काही राहत नाही, धूळ आणि खडे वाटेतच झडतात. काळ्या रानाचं तसं नाही. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या याच स्वभावामुळे. आपल्याकडे पाऊस बेताचाच, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. त्या दिवसांत पाणंदीत गाडी घातली की रीमच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या मागं, या मातीचा थापच्या थाप बसतो. (रान आपलं किंवा ओळखीच्याचं असावं. नान्नजकडच्या माळढोकाच्या माळावर गाडी घालणाऱ्यांसाठी हा लेख नाही.)

गंमत अशी की परत येताना गाडी पुष्कळदा ठीक चालते. चिखल ओला असतो, चाकभर पसरलेला असतो. रात्री गाडी दारात उभी राहते, तो चिखल हळूहळू रीमच्या खालच्या भागात उतरतो आणि तिथंच वाळून दगड होतो. सकाळी पुण्याच्या रस्त्याला लागलं, काटा ऐंशीच्या पुढं गेला, की स्टिअरिंगला कापरं भरतं. भोवऱ्याची आर मधोमध न बसता जराशी बाजूला बसली की तो जसा हातभर जागेत नाचत सुटतो, तेच इथं चाकाचं होतं.

एवढ्याशा मातीनं काय होतंय, असं वाटत असेल तर हिशेब करून बघा. थारच्या 245/75 आर 16 मापाच्या टायरचा घेर सुमारे 2.4 मीटर. ताशी 100 किलोमीटरला हे चाक सेकंदाला अकरा फेरे घेतं. रीमच्या आत, मध्यापासून 18 सेंटीमीटरवर, फक्त 100 ग्रॅम माती एका जागी चिकटलेली असली, तरी त्या वेगाला ती साधारण 9 किलो वजनाइतक्या जोरानं चाक बाहेर ओढते, आणि ही ओढ फेऱ्याबरोबर दिशा बदलत राहते. वेग निम्मा केला की जोर पाव होतो. म्हणून शहरातल्या सात रस्ता चौकात काही कळत नाही आणि पुण्याच्या रस्त्यावरचं केगाव ओलांडल्यावर हात बधिर होतात.

तेव्हा आधी चाक आतून धुवा. वॉशिंग सेंटरवाला गाडी चकाचक करून देतो, पण त्याचा पंप बाहेरून स्पोकवर चालतो; आतली बाजू तशीच राहते. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून मागून पाणी मारायला सांगा. मागच्या चाकांना गाडी रॅम्पवर घेतल्याशिवाय किंवा स्वतः आडवं पडल्याशिवाय इलाज नाही. वाळलेली काळी माती आधी नुसती भिजवून पंधरा-वीस मिनिटं सोडायची. ती फुगून मऊ पडली की हातानं किंवा लाकडी पट्टीनं निघते. स्क्रू ड्रायव्हरनं उकरत बसलात तर अलॉय रीमवर ओरखडे तेवढे मिळतील. गाडी लांबून धावून आलेली असेल तर डिस्क थंड होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर गार पाणी नको. टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि बॉल जॉइंट (फिरता सांधा) यांच्या रबरी टोप्यांवर पंपाची धार जवळून धरू नका. टोपी फाटली की माती आत शिरते, आणि मग खरोखरच अलाइनमेंटचं दुखणं सुरू होतं. धुऊन झाल्यावर हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबून पॅड सुकवून घ्या.

धुतल्यावरही थरथर राहिली तर रीमच्या आत बॅटरी मारून बघा. अलॉयला वेट चिकटवलेली असतात, राखाडी चौकोनी तुकड्यांची पट्टी. एखाद्या ठिकाणी नुसता गोंदाचा लांबट डाग आणि भोवती मळाची चौकट दिसली, तर तिथलं वेट गेलं असं समजा. दगडाला घासून जातं, कधी पंपाच्या धारेनंही उडतं. अशा वेळी बॅलन्सिंगला जावंच लागतं, पण चाक स्वच्छ करून. घाईतला टायरवाला चिखलासकट चाक मशीनवर चढवतो. मशीन बिचारं मातीचंही वजन धरतं आणि तिच्या समोर वेट लावायला सांगतं. पुढं माती गळून पडते, वेट राहतं, आणि थरथर आता उलट्या बाजूनं सुरू होते. त्याला स्पष्ट सांगायचं, "आतून पुसून मगच लावा ओ."

थरथर कुठं जाणवते तेही बघावं. स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, सीटमध्ये किंवा फ्लोअरला असेल तर बहुधा मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्ककडे बघा. त्याला बॅलन्सिंग करून काही उपयोग नाही.

अलाइनमेंट बिघडल्याची लक्षणं निराळी आणि ती वेगाची वाट बघत नाहीत. गाडी एका बाजूला ओढते. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरकं राहतं. टायरची एकच कड झिजते, किंवा टायरवरून आडवा हात फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागतं. ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीतून बाहेर पडताना चाकाला तिरका मार बसला, बांधावर चढताना दगड लागला, की टाय रॉड किंचित वाकतो आणि टो बदलतो. यात पाणी मारून काही होत नाही. पण मशीनवर जाण्याआधी चाक जॅकवर उचलून, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी हात ठेवून हलवून बघायला सांगा. खडखड आली तर टाय रॉडचा जॉइंट गेलेला असू शकतो. ढिल्या जॉइंटवर केलेली अलाइनमेंट दुकानाबाहेर पडेपर्यंतही टिकायची नाही.

गाडीगाडीत फरक आहे. जिप्सी आणि जिम्नीला पुढं-मागं अखंड अॅक्सल (दोन्ही चाकं एकाच ताठ दांड्यावर) आहे, त्यामुळे नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये जुळवण्यासारखा असतो तो पुढचा टो. कॅम्बर चुकलेला निघाला तर तो सेटिंगचा विषय राहत नाही. काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. 2020 नंतरच्या थारला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथं टोबरोबर कॅम्बरही बघावा लागतो. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. "केलं साहेब, एकदम ओके" यावर भागवू नका.

आणि दोन्हीपैकी काहीच बिघडलेलं नसतं असंही होतं. गाळासाठी टायरची हवा उतरवली आणि परतताना एका चाकात कमी भरली गेली, तर गाडी त्या बाजूला ओढते. ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) माती अडकून पॅड घासत राहिला तरी ओढते. तेव्हा थोडं चालवून थांबा आणि रीमजवळ हात न्या, एकच चाक जास्त तापलेलं लागेल. 4एच (चारही चाकांना जोर) मधून 2एच (दोनच चाकांना जोर) वर यायचं विसरलं तर डांबरी रस्त्यावर वळताना स्टिअरिंग जड होतं आणि गाडी अडखळते. हा दोष ड्रायव्हरचा, आणि लिव्हर 2एच वर घेतला की तो जातो.

टेस्ट घ्यायला गावातले रस्ते कामाचे नाहीत. मोहोळच्या बाजूला मोकळा चौपदरी रस्ता बघून ऐंशी-नव्वदला दोन मिनिटं चालवा. ओढ बघताना हात स्टिअरिंगवरून काढू नका, नुसती पकड सैल करा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे थोडा उतार दिलेला असतो, त्यामुळे गाडी हळूहळू डावीकडे सरकली तर टायरवाल्याशी भांडायला जाऊ नका. उजवीकडे ओढत असेल तर मात्र जाच.