दंतस्वच्छता

दात, हिरड्या आणि जीभ यांवर साचणारा जिवाणूंचा थर रोजच्या रोज काढून टाकण्याची क्रिया म्हणजे दंतस्वच्छता. हा थर अन्नकणांचा नसतो. जिवाणू आणि त्यांनीच तयार केलेला चिकट पदार्थ मिळून तो बनतो, म्हणून नुसती चूळ भरून निघत नाही. घासूनच काढावा लागतो. तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यात बसून त्याचे टणक कीटण होते आणि ते दंतवैद्यालाच काढावे लागते. खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस कीटण लवकर धरते, कारण लाळेच्या मोठ्या नलिका तिथेच उघडतात.

थरातील स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्ससारखे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू (pH, आम्लता सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणातील, खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल शमवते, पण तिला अर्धा तास तरी लागतो. एकच गोड पेय तासभर घोट घोट घेणे म्हणूनच ते जेवणाबरोबर संपवण्यापेक्षा घातक. झोपेत लाळ फारच कमी सुटते. दिवसातून दोनदा घासायचे त्यात रात्रीचे कधीही चुकवू नये.

ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा असावा. खरी जागा दाताचा मधला भाग नव्हे, तर दात आणि हिरडी जिथे मिळतात ती कड. केस तिथे ४५ अंशांत टेकवावेत, जागच्या जागी हलकेच थरथरवावेत, मग दाताच्या टोकाकडे झाडत आणावेत. एका वेळी दोन-तीन दात घेतले तर सगळ्या तोंडाला दोन मिनिटे लागतात. शेवटच्या दाढेची मागची बाजू आणि खालच्या दाढांची जिभेकडील बाजू बहुधा राहून जाते. ब्रश मुठीत आवळला की जोर वाढतो. तो पेनासारखा बोटांत धरावा. जोराने आडवे घासत राहिल्यास हिरडी मागे सरते, मुळाशी खाच पडते आणि गार पाण्याने कळ येते. तीन महिन्यांच्या आतच ब्रशचे केस फाकत असतील तर जोर जास्त होतो आहे असे समजावे.

टूथपेस्टमध्ये इनॅमल बळकट करणारे फ्लोराइड दशलक्ष भागांत १,००० ते १,५०० असावे. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण लगेच खळखळून चुळा भरू नयेत. फ्लोराइड धुऊन जाते. आंबट खाल्ल्यावर इनॅमल मऊ झालेले असते, तेव्हा अर्धा तास थांबून घासावे.

दातांमधल्या फटींत ब्रश पोहोचत नाही. त्यासाठी फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा, सुमारे ४५ सेंमी घेऊन तो दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा, मध्ये दोन-तीन सेंमी ताणलेला ठेवावा. फटीत तो खस्सकन दाबला तर हिरडी कापते; मागेपुढे हलवत सावकाश उतरवावा, एका दाताला कवेत घेऊन वर-खाली फिरवावा, मग शेजारच्या दाताला. फटी रुंद असतील तर बारीक फटीब्रश अधिक चांगले काम करतो.

हिरडीतून रक्त आले की लोक ती जागा घासणे सोडतात. करायला हवे ते नेमके उलट, कारण हिरडी सुजते ती साचलेल्या थरामुळे. १९६५ साली दंतसंशोधक हॅराल्ड लो व सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या स्वयंसेवकांना दात साफ करणे थांबवायला सांगितले; १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबत नसेल, तर मात्र दंतवैद्याला दाखवावे.

बाळाचा पहिला दात दिसताच घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी स्वतः घासून द्यावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. एकही दात न पडता ती उगवते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्या खोल खाचांत कीड लवकर शिरते. तिथवर ब्रश आडवा घालून, ती दाढ वेगळी घासावी.