ऑनलाइन अर्जभरणीचे स्वयंचलन

संकेतस्थळावरील फॉर्म माणसाने हाताने भरण्याऐवजी तक्त्यातून, ई-मेलमधून किंवा दुसऱ्या फॉर्ममधून माहिती उचलून संगणकानेच ठरलेल्या क्रमाने तो भरण्याची व पाठवण्याची पद्धत. हा क्रम ज्यात आखतात त्याला वर्कफ्लो टूल म्हणतात. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथले कारखाने, शाहू मार्केट यार्डातल्या गूळ अडती, कोल्हापुरी चपलांचे ऑनलाइन विक्रेते अशा अनेक ठिकाणी ऑफिसचे काम एखाददुसऱ्या माणसावर असते. एकच बिल हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सरकारी पोर्टलवर आणि खरेदीदाराच्या पोर्टलवर पुन्हा पुन्हा टाइप करावे लागते. हा त्रास या पद्धतीने खरोखर कमी होतो.

फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला पडद्यावर न दिसणारे एक नाव असते. सबमिट दाबताच ब्राउझर नाव आणि मूल्य यांच्या जोड्या बनवून, बहुधा पोस्ट पद्धतीने (माहिती पत्त्यात न दाखवता विनंतीच्या आत घालून), सर्व्हरकडे म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाकडे पाठवतो. दिसते एक आणि जाते दुसरे, असे इथे नेहमी घडते. जिल्ह्याच्या यादीत ‘कोल्हापूर’ निवडले तरी सर्व्हरला अनेकदा नुसता सांकेतिक क्रमांक मिळतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि कोल्हापूर जिल्ह्याचा ५३० होता. मोकळ्या रकान्यात देवनागरीत ‘कोल्हापूर’ लिहिले, तर त्यात ९ युनिकोड चिन्हे (काना, मात्रा, हलंत वेगळे मोजून) असतात. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत त्यांचे २७ बाइट होतात आणि साध्या फॉर्मच्या सांकेतिक रूपात, प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जात असल्याने, तब्बल ८१ अक्षरे. रकान्याची मर्यादा बाइटांत मोजणाऱ्या जुन्या प्रणालीत मराठी पत्ता मध्येच तुटतो तो यामुळे.

साधने दोन जातींची आहेत. सेलेनियम (२००४), गूगलचे पपेटियर (२०१७) आणि मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट (२०२०) प्रत्यक्ष ब्राउझर चालवतात. मुळात ती संकेतस्थळांची चाचणी घेण्यासाठी वापरतात. झेपियर, मेक, पॉवर ऑटोमेट आणि बर्लिनमध्ये २०१९ साली सुरू झालेले एन८एन ही वर्कफ्लो टूल; यांत कामाचे टप्पे चौकोनांनी जोडता येतात. पहिला चौकोन काम सुरू करतो, मधले माहिती तपासतात, शेवटचा ती पाठवतो. ब्राउझर न उघडता थेट विनंती पाठवणे जलद असते. मात्र फॉर्ममध्ये दर वेळी बदलणारे गुप्त टोकन (ओळखीची खूण) असेल तर आधी पान मागवून ते टोकन व कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरकडे ठेवलेली छोटी नोंद) घ्यावी लागते. ब्राउझर चालवणे सोपे वाटते, पण पोर्टलवाल्यांनी बटणाची जागा किंवा नाव बदलले की सगळे अडते. संस्थेने एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी थेट बोलण्याची सोय) किंवा एकगठ्ठा अपलोडची सोय दिली असेल, तर तीच वापरावी.

ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा परवाना-कागद, हे याचे चांगले उदाहरण आहे. शिरोलीहून बेळगावला कास्टिंगची (ओतीव धातूच्या भागांची) गाडी निघाली की ती राज्याची हद्द ओलांडते आणि माल ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर ई-वे बिल लागते. पोर्टलवर जेसॉन (माहिती नाव-मूल्य जोड्यांत मांडणारी मजकूर) फाइलने एकदम अनेक बिले तयार करता येतात. वर्कफ्लोने बिलांच्या तक्त्यातून ही फाइल बनवून द्यावी आणि अपलोड माणसाने करावे, ही विभागणी छोट्या कारखान्याला पुरेशी ठरते. अडचण येते ती माहितीत. ड्रायव्हर फोनवर ‘एमएच नऊ’ सांगतो, तक्त्यात तसेच पडते, आणि पोर्टलला मात्र शून्यासकट ‘एमएच०९’ हवे असते. एक्सेल शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाचे शून्य खाऊन टाकते, बारा अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात दाखवते, आणि मांडणी अमेरिकी असेल तर ७ एप्रिलचा ४ जुलै करते. हातकणंगले, गडहिंग्लज ही नावे रोमन लिपीत लोक निरनिराळ्या तऱ्हांनी लिहितात. यादीतल्या स्पेलिंगशी एक अक्षर जुळले नाही तरी रकाना रिकामा राहतो. म्हणून पाठवण्याच्या चौकोनापेक्षा तपासणीच्या चौकोनांवर जास्त वेळ घालवावा लागतो.

अर्ज पाठवला गेला म्हणजे तो नोंदला गेला असे नाही. सर्व्हरचा २०० हा प्रतिसाद विनंतीला उत्तर मिळाले एवढेच सांगतो. कित्येक पोर्टले त्याच २०० सोबत ‘मोबाइल क्रमांक चुकीचा आहे’ असे पान परत धाडतात. परत आलेल्या मजकुरातून अर्ज क्रमांक शोधून तो मूळ तक्त्यात त्या ओळीपुढे लिहिला गेला, तरच काम झाले असे धरावे. उलटा धोका पुन्हा पाठवण्याचा. उत्तर यायच्या आत जोडणी तुटली, तर अर्ज पलीकडे नोंदला गेलेला असू शकतो, आणि टूलने आपोआप दुसरा प्रयत्न केला की चपलांच्या एकाच जोडासाठी कुरिअरची दोन बुकिंगे होतात. ई-वे बिल प्रणाली त्याच दस्तऐवज क्रमांकाचे दुसरे बिल अडवते. साध्या बुकिंग फॉर्मकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. पाठवण्यापूर्वी ओळीवर ‘पाठवत आहे’ अशी खूण करावी आणि खूण असून क्रमांक नसलेल्या ओळी माणसाने पाहाव्यात.

कॅप्चा (वेडीवाकडी अक्षरे किंवा चित्रे ओळखण्याची चाचणी) आणि ओटीपी यांपाशी स्वयंचलन थांबायला हवे. कॅप्चाला हे नाव कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने दिले. समोर माणूस आहे याची खात्री करणे हाच त्याचा हेतू. सेतू केंद्रात किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात तर अर्जदार स्वतःचे घोषणापत्र देत असतो. तिथे रकाने टूलने भरणे ठीक. पण वाचून शेवटचे बटण अर्जदारानेच दाबावे. मालकाच्या परवानगीविना संगणक प्रणालीत शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते, त्यामुळे पोर्टलच्या अटी आधी वाचाव्यात. इतरांची वैयक्तिक माहिती हाताळताना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही ध्यानात घ्यावा लागतो. एन८एन स्वतःच्या संगणकावर चालवता येते, त्यामुळे माहिती बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर साठत नाही. मात्र प्रत्येक फेरीतील मजकूर त्याच्याही डेटाबेसात राहू शकतो. तो न साठवण्याची सेटिंग असते, आणि आधार किंवा बँक खाते असलेल्या वर्कफ्लोत ती पहिल्याच दिवशी लावावी.