ज्वालामुखीच्या ढगावर लेझरचा पहारा

१८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकातोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा कित्येक महिने जगभर सूर्यास्त विलक्षण तांबडे दिसत होते. वर काहीतरी पसरले आहे एवढे कळत होते. किती उंचीवर आणि कशाचे, हे मोजायला साधन नव्हते. १९६० च्या सुमारास शास्त्रज्ञ ख्रिश्चन युंगे यांनी फुग्यांतून उपकरणे पाठवून स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या शांत थरात, सुमारे २० किलोमीटरवर गंधकयुक्त कणांचा थर शोधला. पण फुगा एकदाच वर जातो, रोजची खबर देत नाही.

ती लेझरमुळे मिळू लागली. १९६० मध्ये पहिला रुबी लेझर तयार झाला आणि तीनच वर्षांत अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील फिओको व स्मलिन यांनी तो आकाशाकडे रोखला. या उपकरणाला लायडार म्हणतात. त्यात लेझरचा झोत सोडायचा, कणांवरून विखरून परतणारा प्रकाश दुर्बिणीत पकडायचा आणि त्याला लागलेल्या वेळेवरून उंची काढायची. योगायोगाने १९६३ च्या मार्चमध्येच बालीतील अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. पुढच्या वर्षी फिओको व ग्रॅम्स यांनी २० किलोमीटरवरच्या थराची निरीक्षणे प्रसिद्ध केली.

सत्तरच्या दशकात हवाईतील मौना लोआ, जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन अशा ठिकाणी नियमित नोंदी सुरू झाल्या. त्यांचे खरे मोल १९८२ मध्ये कळले. जानेवारीत जपानमधील लायडारला एक ढग दिसला, पण तो कोणत्या ज्वालामुखीचा, हे कुणालाच सांगता येईना. पुढे संशय गेला आफ्रिकेतील न्यामुरागिराकडे. मग मेक्सिकोतील एल चिचोन फुटला. दोन वर्षांपूर्वी गाजलेल्या अमेरिकेतील सेंट हेलेन्सने स्थितांबरात फारसे गंधक सोडले नव्हते. एल चिचोनने मात्र कितीतरी पट सोडले. राख लवकर खाली बसते. सल्फर डायऑक्साइडपासून बनलेले सल्फ्युरिक आम्लाचे थेंब मात्र वर्ष-दोन वर्षे टिकतात, आणि हवामान बिघडवतात ते हेच. परतलेल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाच्या दिशेवरून, लायडार दोन्ही वेगळे ओळखतो: थेंब गोल, राखेचे कण वेडेवाकडे.

जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबोने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंशाने उतरले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनेही हा थर लायडारने अभ्यासला.

२००६ ते २०२३ लायडार बसवलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने हेच काम अवकाशातून केले. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीने गंधकापेक्षा पाण्याची वाफच अफाट सोडली, सुमारे १५ कोटी टन. त्या वाफेमुळे आम्लाचे थेंब नेहमीपेक्षा फार लवकर तयार झाले, आणि आठवडाभरात ते हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरच्या लायडारला दिसू लागले.