एका सुडाच्या तीन खेपा

परदेशातून एक तरुणी येते. तिच्या भावाचा किंवा बहिणीचा खून झालेला असतो, नाहीतर ठावठिकाणा तरी लागत नसतो. कराटेत ती तरबेज. गुंडांच्या अड्ड्यात शिरते, एकेकाला लोळवते आणि शेवटी खऱ्या गुन्हेगाराची गचांडी धरते. फिलिपिनो दिग्दर्शक सिरिओ सान्तियागो यांनी ही गोष्ट तीनदा पडद्यावर आणली: १९७४ साली 'टीएनटी जॅक्सन', १९८१ साली 'फायरक्रॅकर' आणि १९९३ साली 'एंजलफिस्ट'. तिन्ही वेळा पाठीशी अमेरिकेतले काटकसरी निर्माते रॉजर कॉर्मन. हे तीन चित्रपट ओळीने पाहिले की मनिलातल्या स्वस्त सूडपटांची वीस वर्षं डोळ्यांसमोरून जातात.

सान्तियागो यांना मारधाड घरातूनच मिळाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर वडिलांनी काढलेली प्रीमियर प्रॉडक्शन्स ही १९५० च्या दशकातल्या चार मोठ्या स्टुडिओंपैकी एक, आणि हाणामारीचे चित्रपट ही तिची ओळख. तागालोग ही तिथली भाषा बोलणारे लोक अशा चित्रपटांना 'बकबकान' म्हणतात. या चित्रपटांचा अनभिषिक्त राजा म्हणजे अभिनेते फर्नांडो पो ज्युनियर. गरीब, कमी बोलणारा, अन्याय सोसत राहणारा आणि सहनशक्ती संपली की ठोशांचा पाऊस पाडणारा नायक त्यांनी वर्षानुवर्षं रंगवला. कुंग फूची लाट येण्याआधीच सुडाची गोष्ट तिथल्या प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली होती, हे विसरता कामा नये.

अमेरिकन निर्माते तिथे आले ते मात्र हिशेब करून. १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेची राजवट असल्यामुळे इंग्रजी सगळीकडे चाले, तंत्रज्ञ अनुभवी होते, मजुरी कमी होती आणि जंगल शहराबाहेर पडलं की समोर. कॉर्मन यांनी १९७० साली न्यू वर्ल्ड पिक्चर्स काढली आणि पुढच्याच वर्षी स्त्रियांच्या तुरुंगावरचा 'द बिग डॉल हाऊस' फिलिपिन्समध्ये चित्रित झाला. अभिनेत्री पॅम ग्रिअर हे नाव तिथून पुढे आलं. १९७२ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा लादला, रात्रीची संचारबंदी आली, विरोधक तुरुंगात गेले. परदेशी चित्रीकरणं मात्र चालूच राहिली. पुढे अमेरिकन दिग्दर्शक कोपोला यांच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या युद्धपटासाठी सरकारने सैन्याची हेलिकॉप्टरं भाड्याने दिली आणि बंडखोरांशी लढायला ती ऐन चित्रीकरणातून परत बोलावली.

'टीएनटी जॅक्सन' जन्मली ती ब्रूस लीची लाट आणि कृष्णवर्णीय नायिकांच्या चित्रपटांची चलती यांच्या संगमावर. मॉडेल जीनी बेल नायिका झाली. गोष्ट हाँगकाँगची, चित्रीकरण फिलिपिन्समधलं. त्यातली हॉटेलच्या खोलीतली मारामारी प्रसिद्ध आहे: अंगावर जेमतेम कपडे असलेली नायिका दिव्याचं बटण बंद करते, अंधारात ठोसे बसतात, दिवा लागतो, पुन्हा विझतो. प्रसंग उघडउघड पुरुष प्रेक्षकांसाठी रचलेला आहे. बेलच्या हालचालीत कराटेची सफाई नाही, हेही दिसतं. तरीही पैशांची उणीव दिव्याच्या एका बटणावर भरून काढणारी ही कारागिरी मला मनापासून आवडते.

दिग्दर्शक बॉबी सुआरेझ हे याच वाटेवरचं दुसरं नाव. सिंगापूरच्या मॅरी लीला घेऊन त्यांनी १९७८ साली 'क्लिओपात्रा वाँग' काढला. 'वन आर्म्ड एक्झिक्युशनर'मध्ये तर बायको आणि एक हात गमावलेला इंटरपोलचा माणूस उरलेल्या हाताने लढायला शिकून सूड घेतो. एकहाती योद्धा हाँगकाँगच्या पडद्यावर १९६७ पासून गाजत होता. सुआरेझ यांनी त्याच्या हाती पिस्तूल दिलं.

'फायरक्रॅकर' आला त्या १९८१ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांना मनिलात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हवा होता. त्यासाठी फिल्म सेंटरची इमारत घाईघाईने उभी राहत होती. १७ नोव्हेंबरच्या पहाटे परांची कोसळली आणि मजूर ओल्या सिमेंटमध्ये गाडले गेले. मदतपथकांना कित्येक तास आत सोडलं नाही. जानेवारी १९८२ मध्ये महोत्सव ठरल्याप्रमाणे पार पडला. त्या मजुरांचा सूड कुठल्याच चित्रपटाने घेतला नाही.

'एंजलफिस्ट'पर्यंत सगळा धंदा व्हिडिओ कॅसेटवर आला होता. अमेरिकेचे फिलिपिन्समधले क्लार्क आणि सुबिक हे लष्करी तळही नुकतेच बंद झाले होते. गोष्ट तीच राहिली.

मला सलतं ते वेगळंच. वेताच्या हातभर काठ्यांनी लढायची अर्निस ही फिलिपिन्सची स्वतःची विद्या. ती जाणणारे, अमेरिकेतले फिलिपिनो वंशाचे डॅन इनोसान्तो ब्रूस लीचे सहकारी होते आणि 'एंटर द ड्रॅगन'मध्ये लीच्या हाती जोडकाठ्या दिसल्या. परदेशी विक्रीसाठी मनिलात बनलेल्या चित्रपटांत मात्र कराटे आणि कुंग फूचाच बोलबाला, कारण ग्राहक तेच मागत होता. अपवाद म्हणजे अभिनेते रोलँड दांतेस यांचा 'द पॅसिफिक कनेक्शन'. स्पॅनिश राजवटीतली सूडकथा, आणि लढाई काठीची. साल १९७४, म्हणजे 'टीएनटी जॅक्सन'चंच. सान्तियागो २००८ साली वारले. अर्निसला राष्ट्रीय खेळाचा कायदेशीर दर्जा मिळाला तो त्यानंतर, डिसेंबर २००९ मध्ये.